कंडोम होता, दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या, तरी एचआयव्हीची भीती जात नाही. सोलापुरात कुणाशी बोलावं?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. आयडी नवा काढलाय, का ते पुढे कळेलच. वय २६, राहणार सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. घरी आई-वडील, दादा-वहिनी आणि चार वर्षांची पुतणी.

दोन महिने होत आले. मित्राच्या लग्नाआधी आम्ही काही जण बाहेरगावी गेलो होतो. तिथे पैसे देऊन एका बाईकडे गेलो. आडून आडून लिहिलं तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सरळ लिहितो. चुंबन, हाताने, आणि मुखमैथुन. मुखमैथुनाच्या वेळी कंडोम तिनेच लावला. संभोग झाला नाही. कंडोम फाटलेला नव्हता.

पहिले काही दिवस काहीच वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात घसा धरला, रात्री अंगात कणकण आली. मोबाईलवर 'घसा ताप एचआयव्ही' टाकलं आणि तिथून सगळं बिघडलं. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अशीच लक्षणं येतात असं वाचलं. तेव्हापासून जबड्याखालच्या गाठी दिवसभर चाचपतो. काखेत, जांघेत बघतो. आरशासमोर जीभ काढून उभा असतो.

चार आठवड्यांनी एका खाजगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची टेस्ट केली, नॉन-रिअॅक्टिव्ह. ४५ दिवस उलटून गेल्यावर परत तीच, परत नॉन-रिअॅक्टिव्ह. रिपोर्ट हातात आल्यावर त्या संध्याकाळपुरतं बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटतं, सॅम्पल बदललं असेल तर? माझ्या शरीरात अँटिबॉडी उशिरा तयार होत असतील तर? आता डीएनए पीसीआर (थेट विषाणूच शोधणारी टेस्ट) करावी म्हणतोय, त्याला काही हजार लागतात.

पुतणी माझ्या ग्लासातलं पाणी प्यायला येते, मी ग्लास उचलून ठेवतो. टॉवेल वेगळा भिजवतो. वहिनीने परवा विचारलं, "भाऊजी, राग आलाय का आमचा?" आई रोज व्हॉट्सअॅपवर मुलींचे बायोडेटा पाठवतेय.

पीसीआर करू का? आणि हे सगळं बोलायचं कुणाशी?

पार्कचौक_कट्टा
काय बे, एवढं कशाला घाबरलालास? दोनदा निगेटिव्ह आलंय की. पैसे जास्त झालेत का? एखाद्या जयंतीच्या रक्तदान शिबिरात जा, बाटली दे. तिथं सगळ्या टेस्ट फुकटात होतात. वर बिस्कीट पुडा, केळ आणि सर्टिफिकेट.

सिस्टर_नाईटड्युटी
कट्टा, हे गमतीतसुद्धा लिहू नका. रक्तपेढीत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासतात हे खरं. पण ती तपासणी रक्त ज्याला चढणार त्याच्यासाठी असते, देणाऱ्याच्या शंकेसाठी नसते. संसर्ग अगदी ताजा असेल तर कुठल्याही टेस्टमध्ये काही दिवस तो दिसत नाही. तेवढ्यात दिलेली पिशवी बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला लागली तर? फॉर्मवर अशा संबंधांबद्दल प्रश्न असतो तो त्याचसाठी. मनात शंका असताना रक्तदान करायचं नाही. टेस्ट करायची तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीही फुकटच असते.

टॉवेलवाला, तुमच्याबद्दल रात्री सविस्तर लिहिते. ड्युटी आहे.

पार्कचौक_कट्टा
कबूल ताई. हे डोक्यात नव्हतं.

कोरडा_पाऊस
मी एमडी मेडिसिन आहे. इथे तपासता येत नाही, पण जे लिहिलंय त्यावर बोलता येतं.

आधी घटना. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीतला व गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून जातो. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. चुंबनात धोका नाही. हाताने केलेल्यात नाही. मुखमैथुन तुमच्यावर केलं गेलं, म्हणजे तुमचा संबंध आला तो लाळेशी, आणि मधे कंडोम. असा पेशंट माझ्यासमोर बसला तर मी त्याला या घटनेसाठी एचआयव्हीची टेस्टसुद्धा सुचवणार नाही. तुम्ही ती दोनदा केलीत.

आता आकडे, कारण तुम्ही हिशेब बघता. समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही आहेच, ती औषधांवर नाही आणि कंडोम वापरलेला नाही, असं सगळंच वाईट धरून जे अंदाज काढलेत ते असे: योनीमार्गे संभोगात पुरुषाला धोका दर १०,००० वेळांमागे ४, स्त्रीला ८. गुदमैथुनात घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. एकाच सुईने नशा करण्यात ६३. मुखमैथुनाला आकडाच देत नाहीत, 'कमी' एवढंच लिहितात, कारण मोजता येण्याइतक्या केसेस सापडत नाहीत. आणि हे सगळं कंडोम नसताना. तुमची गोष्ट या तक्त्यात कुठल्याच ओळीत बसत नाही.

हे आकडे बघून कुणी 'मग कंडोम कशाला' म्हणू नका. दहा हजारात चार हा एका वेळेचा अंदाज आहे. वेळा वाढल्या की तो वाढतो, सोबत गुप्तरोगाची जखम असली की आणखी वाढतो. सरासरी आहे, आणि कुणाला पहिल्याच वेळी लागण होऊ शकते.

टेस्टबद्दल. चौथ्या पिढीची टेस्ट विषाणूचं पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, दोन्ही शोधते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली असेल तर ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह पक्का धरतात. फक्त अँटिबॉडी शोधणारी रॅपिड किट असेल तर ९० दिवस. तुमची ४५ दिवसांनंतरची आहे. विषय संपला. 'माझ्या शरीरात उशिरा तयार होतात' हे इंटरनेटवरचं भूत आहे, ते बहुतेक जुन्या काळच्या किटबद्दल लिहिलेल्या पानांवरून फिरत असतं.

पीसीआर करू नका. तिचा उपयोग नवजात बाळांत होतो, अगदी ताज्या संसर्गाच्या संशयात होतो. तुम्हाला ती काहीही नवीन सांगणार नाही. उलट अशा टेस्टमध्ये कधीतरी खोटा पॉझिटिव्ह येतो, आणि तुमची आत्ताची अवस्था बघता तो आला तर काय कराल याची मला काळजी वाटते.

घसा आणि कणकण: लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. आमच्यासारख्यांनाही येत नाही. हवा बदलली की माझी अर्धी ओपीडी याच तक्रारीने भरते. आणि गाठी दिवसभर दाबत राहिलात तर त्या दुखणारच.

नीतीवंत
सगळे आकडे ठीक. पण मुळात असल्या ठिकाणी जायचंच कशाला? अशा बायकांमुळेच हा रोग पसरला. लग्नाच्या वयाची मुलं असं वागायला लागली तर समाजाचं काय होणार? भीती बसली ते बरंच झालं.

शेंगाचटणी
आले. वाटच बघत होतो.

एक_वाचक
नीतीवंत, त्याच्या पोस्टमध्ये कंडोम कुणी लावला ते परत वाचा. तिने. या बाईला लाज द्यायची की आभार मानायचे?

मी काही वर्षं या क्षेत्रात कागदोपत्री काम केलंय. सरकारी कार्यक्रमात ज्या वस्त्यांत प्रकल्प चालतात तिथल्या बायकांची दर सहा महिन्यांनी एचआयव्ही तपासणी होते, गुप्तरोगांची त्याहूनही लवकर. तुमच्या-माझ्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी केलीय? शेजारच्या सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करतेय. तिथल्या बायकांनी संघटना बांधून 'कंडोमशिवाय नाही' हे गिऱ्हाइकांना शिकवलं. ते शिकायला तयार नव्हते ते गिऱ्हाईक, आणि हे गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोशेजारी झोपत. आपल्याकडे असंख्य बायकांना एचआयव्ही झाला तो नवऱ्याकडून, लग्नाच्या बिछान्यात. त्यांनी कुठली नीती मोडली होती?

नीतीवंत
मी सर्वसाधारण बोललो.

व्यवस्थापक
वरच्या दोन प्रतिसादांतले काही शब्द काढले आहेत. धागा विषयावर ठेवा. धागाकर्त्याची ओळख शोधायचा प्रयत्न कुणी केला तर आयडी बंद होईल.

सिस्टर_नाईटड्युटी
आता वेळ मिळाला.

आमच्या कामात सुई टोचते. मलाही टोचली आहे, एचआयव्ही असलेल्या पेशंटची, रक्त काढतानाच. तो धोका १०,००० मागे २३ च्या आसपास धरतात, म्हणजे तुमच्या घटनेपेक्षा कितीतरी खरा. हात साबणाने धुतला, बोट पिळलं नाही (पिळायचं नसतं), साहेबांना फोन केला आणि दोन तासांच्या आत पहिली गोळी पोटात होती. २८ दिवस गोळ्या, मग टेस्ट. निगेटिव्ह. त्या दिवसांतही मी घरी पोळ्या लाटत होते, मुलाला भरवत होते, एका ताटात जेवत होते. नवऱ्यासोबत तेवढे दिवस कंडोम वापरला, कारण तिथे कारण होतं. ग्लास वेगळा ठेवला नाही, कारण तिथे कारण नव्हतं. पुतणीला पाणी पिऊ द्या हो. टॉवेल, ग्लास, संडास, डास, मिठी, यांतल्या कशानेही हा आजार जात नाही. ज्याला खरोखर एचआयव्ही आहे त्याच्याही ग्लासातून जात नाही.

बोलायचं कुणाशी विचारलंत. सिव्हिलला आयसीटीसी आहे. शिवाय १०९७ हा एचआयव्हीबद्दलचा टोल फ्री नंबर, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. आयसीटीसीत गेल्यावर आधी समुपदेशक दार लावून बोलतो किंवा बोलते. काय झालं, कधी झालं विचारतात, संमतीची सही घेतात, मगच रक्त. रॅपिड किटवर रिअॅक्टिव्ह आलं तरी तेवढ्यावर पॉझिटिव्ह म्हणून हातात देत नाहीत. वेगवेगळ्या तीन किट जुळल्या तरच. आणि रिपोर्ट तुमच्याच हातात देतात, समोर बसवून. तुम्हाला टेस्टची गरज नाही, डॉक्टरांनी सांगितलंच. पण समुपदेशकाशी बोलायला टेस्ट करावीच लागते असं नाही.

टॉवेलवाला
डॉक्टर, सिस्टर, मनापासून आभार. रात्री खूप दिवसांनी नीट झोपलो.

पण सकाळी एक आठवलं. त्या दिवशी दाढी केली होती आणि हनुवटीला कापलं होतं. चुंबन घेताना तिचे ओठ तिथे लागले असतील. तिच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर? आणि लॅटेक्सला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यातून विषाणू जातो असंही वाचलं. कंडोम तिच्या पर्समधला होता, किती जुना होता माहीत नाही.

शेंगाचटणी
आठवडाभराने 'तिला डास चावला असेल आणि तोच डास मला' येणार बघा.

कोरडा_पाऊस
दाढीच्या सुकलेल्या चिरेतून नाही. छिद्रांचं खोटं आहे. चांगल्या कंपनीचा लॅटेक्स कंडोम विषाणू अडवतो, आणि जुन्याची भीती असते ती फाटण्याची, तुमचा फाटला नव्हता. लॅटेक्सचं नुकसान होतं ते खोबरेल तेल, व्हॅसलीन लावल्याने. ते तुमच्याकडे झालेलं नाही. यापुढे मी तुमच्या नवीन 'तर?'ला उत्तर देणार नाही. चिडून नाही. का ते अनामिका बहुतेक सांगतील, त्यांची पोस्ट येतेय असं दिसतंय.

अनामिका_जुळे
हो, कालपासून लिहीत होते.

टॉवेलवाला, तुमची पहिली पोस्ट वाचून मला एचआयव्ही आठवलाच नाही. मला माझं गॅसचं बटण आठवलं. मला ओसीडी आहे, म्हणजे तीच शंका परत परत येते आणि परत परत तपासावं लागतं तो आजार. घरातून निघताना बटण बंद आहे ना ते बघायचं. जिना उतरायचा, परत चढायचं, परत बघायचं. मोबाईलवर फोटो काढून न्यायला लागले. मग ऑफिसात वाटायचं, हा फोटो कालचा असेल तर? तुमचं 'सॅम्पल बदललं असेल तर' अगदी तेच आहे. तुमचा रिपोर्ट म्हणजे माझा फोटो.

मला डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. शंका आली की जीव घाबरतो. तपासलं की तेवढ्यापुरता शांत होतो. मेंदू त्यावरून शिकतो की तपासलं म्हणूनच वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात ओरडतो. त्यामुळे प्रत्येक टेस्ट, प्रत्येक गूगल, प्रत्येक 'डॉक्टर, पण असं झालं असेल तर?' याने भीतीला खायला मिळतं. म्हणून कोरडा_पाऊस पुढे उत्तर देणार नाहीत. माझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं, 'गॅस बंद आहे का' विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. काय रडले आहे मी त्यावरून. भांडले आहे.

तुम्हाला ओसीडी आहे असं मी म्हणत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. पण पीसीआरचे पैसे तिकडे खर्च करा. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, खाजगी डॉक्टरही आहेत, आणि टेलि-मानस म्हणून मानसिक त्रासावर बोलायला १४४१६ हा सरकारी नंबर आहे, कधीही लागतो. माझे उपचार गोळी आणि बोलणं असे दोन्ही चालले. पहिल्या काही आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर मधेच सोडाल. आता मी एकदा बघते आणि निघते. वाईट दिवस अजूनही असतात.

आणखी एक, पटलं तर घ्या. तुमच्या पोस्टमध्ये आईने पाठवलेले बायोडेटा आणि पुतणीचा ग्लास हे दोन्ही आहेत. पैसे देऊन गेलो याचं जे काही मनाला लागलंय ते रक्ताच्या टेस्टमध्ये कसं दिसणार? ते वेगळं आहे. त्याबद्दल वेगळं बोलावं लागेल.

टॉवेलवाला
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

रात्री_नऊ
नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं झाली. सोलापूरचाच आहे, कुठला ते सांगत नाही. कसा झाला तेही सांगत नाही, कारण ते कळलं की लोक मला दोन गटांत टाकतात, बिचारा किंवा लायकीचा.

सगळे फार चांगलं समजावताय. पण पूर्ण धाग्यात एचआयव्ही म्हणजे दरीची कड आहे आणि प्रश्न एवढाच की धागाकर्ता पडला का नाही. त्या दरीत मी राहतो. इथे घर आहे, हप्ते आहेत, बायकोची कटकट आहे. रोज रात्री नऊला एक गोळी, तीन औषधं एकातच. सुरुवातीला जास्त गोळ्या होत्या, त्रास व्हायचा, स्वप्नं पडायची. आता नाही. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात, देशात २००४ पासून मिळतात. व्हायरल लोड तपासतात, माझ्या रक्तात विषाणू मोजता येत नाही इतका कमी आहे. तसा तो राहिला तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता जगभरात सिद्ध झालंय. बायको निगेटिव्ह. मुलगी निगेटिव्ह, शाळेत कबड्डी खेळते.

मला एचआयव्हीने जेवढं छळलं नाही तेवढं ग्लासांनी छळलं. चुलत्याकडे माझा ग्लास वेगळा असायचा. खालून नेलपॉलिशचा ठिपका. म्हणून पुतणीचा ग्लास उचलून ठेवणारा माणूस वाचला की मला वेगळंच काहीतरी होतं. राग नाही म्हणत. पण तुम्ही स्वतःशी जे करताय ते माझ्याशी दुसऱ्यांनी केलंय.

बाकी डॉक्टर म्हणतात ते बरोबर. तुम्हाला काही झालेलं नाही.

सिस्टर_नाईटड्युटी
रात्री_नऊ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. एक जोडते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, कुणाचं स्टेटस उघड करता येत नाही, नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची टेस्ट मागता येत नाही.

रात्री_नऊ
माहीत आहे सिस्टर. चुलत्यांना माहीत नव्हता.

सातरस्ता_सिग्नल
या धाग्यावर एक प्रश्न विचारतो. समजा टॉवेलवाल्याचं लग्न ठरलं. मुलीला हे सांगावं का?

एक_वाचक
आजार नाही तर सांगण्यासारखं आरोग्याचं काही नाही. बाकी त्याचा प्रश्न.

अनामिका_जुळे
मला नवऱ्याने असलं काही नंतर सांगितलं असतं तर राग आला असता. आधी सांगितलं असतं तर कदाचित लग्नच केलं नसतं. खरं सांगतेय. पण भीती अजून चालू असताना केवळ मन मोकळं करायला म्हणून सांगू नका. मग तिला विचारत बसाल, 'मला काही झालं नसेल ना?'

कोरडा_पाऊस
लग्नाआधी दोघांनीही एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) आणि थॅलेसेमियाची तपासणी करावी, कुणाचा इतिहास काहीही असो. हे मी सगळ्याच जोडप्यांना सांगतो. बहुतेक वेळा मुलीकडचे तयार असतात आणि मुलाकडचे रागावतात.

याच निमित्ताने टॉवेलवाल्यासाठी: हेपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का? नसेल तर घ्या, तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. शरीरसंबंधातून हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज जातो आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाही. कंडोमशिवाय मुखमैथुन झालं तर सिफिलिस, गनोरिया होऊ शकतात. तुमच्याकडे कंडोम होता, तेव्हा एक व्हीडीआरएल केलीत तरी पुष्कळ. आणि रेल्वेलाइनच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिलेले असतात तिकडे जाऊ नका. तिथे निरोगी माणूस औषधं खात बाहेर पडतो.

पार्कचौक_कट्टा
माझा एक दोस्त गेलता. धातू जातेय म्हणून चूर्ण दिलं, महिन्याचा पगार गेला.

टॉवेलवाला
अपडेट देतो. पीसीआर केली नाही. १०९७ ला फोन केला, पहिल्यांदा उचलल्यावर कट केला, दुसऱ्यांदा बोललो. मग सिव्हिलला गेलो. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं हे पाठ करून गेलो होतो (बीपी दाखवायला आलो), आणि गेटवरच आमच्या डाईंग सेक्शनचे काका भेटले. त्यांनी विचारलंच नाही, तेच घाईत होते.

समुपदेशक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी मला रिपोर्टऐवजी झोपेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं, आणि मानसोपचाराच्या ओपीडीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय आणि गाठी चाचपायची वेळ ठरवून दिलीय, दिवसातून एकदा, दहा मिनिटं, मग नाही. हसू आलं होतं ऐकून. पण इतर वेळी हात गेला की 'संध्याकाळी बघू' म्हणता येतं. कधी जमतं, कधी नाही. कालच रात्री मोबाईलवर परत शोधत बसलो होतो.

पुतणीने ग्लास घेतला. मी बसून राहिलो. बरं वाटलं नाही, पण उचलला नाही.

रात्री_नऊ, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवावीशी वाटली. दाखवली नाही.

रात्री_नऊ
वहिनीला दाखवा. आईला नको, मग मुलीच बघणार नाहीत.

शेंगाचटणी
:)

बार्शीलाइट
मंडळी, माफ करा, मधेच घुसतोय. नवीन आयडी. जुळे सोलापुरात रूमवर राहतो. हा धागा रात्रभर वाचला. माझं वेगळं आहे. परवा शनिवारी रात्री कंडोम फाटला, संभोगात, कळलं तेव्हा सगळं झालं होतं. तिने नंतर सांगितलं की तिला एचआयव्ही आहे आणि काही महिन्यांपासून तिने गोळ्या बंद केल्यात. आज सोमवार सकाळ. मी पण नुसता घाबरलोय का? ४५ दिवस थांबून टेस्ट करू?

कोरडा_पाऊस
नाही. थांबू नका. वाचणं बंद करून आत्ता निघा.

तुमचा धोका खरा आहे आणि त्यावर औषध आहे. पेप म्हणतात. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तुमचे अजून तास आहेत, पण ते उद्या रात्री संपतील. सिव्हिलच्या अपघात विभागात जा आणि डॉक्टरांना असंच स्पष्ट सांगा: शनिवारी रात्री कंडोम फाटला, समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह, औषधं बंद. सरकारी नियमांत पेप प्रामुख्याने आरोग्य कर्मचारी आणि अत्याचार झालेल्यांसाठी लिहिलेलं आहे. तुम्हाला तिथे मिळायला वेळ लागतोय असं दिसलं तर वाद घालत बसू नका, सरळ कुठल्याही एमडी फिजिशियनकडे जा, चिठ्ठी लिहून घ्या, मेडिकलमधून घ्या. टेस्टचे रिपोर्ट येईपर्यंत पहिली गोळी अडवू नका. आधी गोळी, मग रक्त.

तिला विचारता आलं तर ती कुठल्या गोळ्या घेत होती ते विचारून घ्या, डॉक्टरांना उपयोगी पडेल.

सिस्टर_नाईटड्युटी
आधारकार्ड जवळ ठेवा. दुसरे कुठले औषध चालू असेल तर त्याची पट्टी न्या. आणि जा.

रात्री_नऊ
तिला एवढंच सांगा की बंद केलेल्या गोळ्या परत सुरू करता येतात, सेंटरवाले ओरडले तरी देतात. तिला कुणी हे सांगितलं नसेल.

टॉवेलवाला
मी एमआयडीसीत आहे. अर्धा दिवस टाकून येऊ शकतो, सात रस्त्याला भेटू. तोंड दाखवायचं नसेल तर मास्क घाल, नाव विचारणार नाही. नको असेल तर नको म्हण.

बार्शीलाइट
येतो. पांढरा हेल्मेट.

बार्शीलाइट
दुपारी दोन वाजता पहिली गोळी घेतली. खाजगी डॉक्टरांनी लिहून दिली. पहिल्या दोन मेडिकलमध्ये नव्हती, तिसऱ्यात मिळाली. एकच गोळी रोज, २८ दिवस. रक्त दिलंय. टॉवेलवाला सोबत होता, सगळा वेळ मेडिकलवाल्यांशी तोच बोलला. तिला रात्री फोन करतोय. डॉक्टर, जेवणाआधी घ्यायची का नंतर? मला अॅसिडिटी आहे, रोज पातळ औषध घेतो.

कोरडा_पाऊस
जेवणाशी संबंध नाही, फक्त वेळ रोज एकच ठेवा. अॅसिडिटीचं पातळ औषध मात्र सोबत घेऊ नका. गोळीनंतर किमान दोन तासांनी घ्या, किंवा आधी घेतलं असेल तर गोळीपर्यंत सहा तास जाऊ द्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. तेच कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचं. मळमळ झाली तर डॉक्टरांना फोन करा, स्वतः बंद करू नका. एखादा डोस विसरलात तर आठवल्यावर लगेच घ्या. २८ दिवस संपेपर्यंत आणि त्यानंतर टेस्ट होईपर्यंत कंडोम, आणि रक्तदान नाही. टेस्टच्या तारखा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्या नसतील तर उद्या जाऊन लिहून घ्या.